मुलाचा कर्करोग आणि शेजारधर्म



वाशीमच्या या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण हमालांच्या अड्ड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मी रोगाविषयी थोडे आणि तो रोग ज्या घरात शिरतो त्या घराविषयी अधिक बोलणार आहे.

मुलांचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो. श्रीमंत देशांत शंभरांपैकी ऐंशीहून अधिक मुले वाचतात. तो संसर्गाने पसरत नाही आणि आईबापांच्या पापाचे ते फळही नव्हे. मग आपली मुले का दगावतात? निदान उशिरा होते आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. मुलांत सर्वांत अधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग घ्या. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पण पहिल्या काही आठवड्यांतच मूल बहुधा खेळू लागते. तेथेच घात होतो.

आमच्या एका हमाल सोबत्याची मुलगी अशीच मुंबईस नेली. आम्ही वर्गणी काढली, निरोप दिला. चौथ्या महिन्यात तो परतला. मजुरी बुडालेली, धाकटी दोन पोरे शेजाऱ्यांकडे जेवणारी. म्हणाला, "दादा, पोरगी आता खेळते." मीही समाधान मानले. वर्षाच्या आत रोग उलटला आणि ती गेली. संप कारखान्याच्या दारात मोडत नाही, तो चुलीपाशी मोडतो, हे मी जन्मभर सांगत आलो. या सोबत्याच्या चुलीकडे मात्र मी पाहिले नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 2009 च्या सुमारास पाच मुलांमागे एक मूल उपचार सोडून जाई. पुढे तेथे औषधाबरोबर निवारा, अन्न, पैसा आणि धीर देणारी माणसे यांची सोय बांधण्यात आली. काही वर्षांत ते प्रमाण विसात एकावर आले. आईबापांची माया तीच होती; आधार वाढला होता.

आज अशा कुटुंबांना मुंबईत 2006 पासून सेंट ज्यूड संस्था मोफत निवारा देते. आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पडत नाही, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. परंतु हे कागद कोण भरणार? मागे राहिलेल्या पोरांना कोण जेवू घालणार? हे काम वाशीमचे आहे.

म्हणून माझे मागणे लहान आहे. एकदाच मोठी रक्कम देऊ नका. थोडी द्या, पण दर महिन्याला, उपचार संपेपर्यंत. बापाची कामावरील जागा राखा. मूल परतले की त्याला शाळेत आपल्या पोरांशेजारी बसू द्या. आणि त्या आईला "असे कसे झाले?" असे विचारू नका. "आज जेवलीस का?" एवढे विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा.