बर्फाखालच्या माणसाचा शोध



दरड म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. 2014 साली माळीण गाव दरडीखाली गेलं. हिमालयात अशीच बर्फाची दरड येते. डोंगरावर थरावर थर बर्फ साचतो. एखादा थर सुटतो आणि सारा ढीग खाली धावत येतो. 2016 साली सियाचीनमध्ये अशा बर्फानं 10 जवान गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता.

गाडलेला माणूस किती वेळ जगतो? पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलं, तर 10 पैकी 9 जण वाचतात. अर्धा तास उलटला, की बहुतेकांचा श्वास कोंडतो. थंडीनं मरण नंतर येतं, आधी हवा संपते. म्हणून इथं घटकेची नव्हे, पळाची किंमत आहे.

पण शोधायचं कुठं? वर सगळं पांढरंच पांढरं. माणसं रांगेनं उभी राहतात, लांब काठ्या बर्फात खुपसत पुढं सरकतात. कुत्री वास काढतात. आता त्यांना ड्रोनची जोड मिळाली आहे.

शेतात फवारणी करणारा ड्रोन तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बिनमाणसाचं छोटं विमानच ते! बर्फात जाणारा शहाणा माणूस अंगावर एक लहान यंत्र बांधतो. ते सारखी खूण पाठवत राहतं. ती खूण ऐकणारं यंत्र ड्रोनला लावतात. खूण जिथं सर्वांत जोरात येते, तिथं खणायचं. ड्रोनवर उष्णता टिपणारा कॅमेराही असतो. पण त्याला खोल बर्फाखालचं दिसत नाही, उघड्यावर पडलेला माणूस दिसतो. शोधताना दुसरी दरड आली, तर ड्रोन वरच्या वर राहतो. शोधणाऱ्याचा जीव धोक्यात पडत नाही.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ, माणा गावापाशी, रस्त्याच्या मजुरांच्या छावणीवर बर्फ कोसळला. 54 मजूर अडकले. पोटासाठी घर सोडून आलेली माणसं ती. जवान धावले. ड्रोन, कुत्री, जमिनीखालचं हुडकणारं रडार, सगळं कामाला लावलं. तीन दिवस शोध चालला. 46 जण वाचले, 8 जण गेले. पुष्कळ जण लोखंडी खोल्यांत होते. तिथं आत हवा राहिली, म्हणून तगले.

मंडळी, ड्रोन जागा दाखवतो. बर्फ उपसायला मात्र माणसाचेच हात लागतात. जवळच्या सोबत्यानं लगेच फावडं उचललं, तरच गाडलेला माणूस वाचतो. यंत्र आणि माणुसकी, दोन्ही हवीत.