शब्दसंग्रह आणि बोलके यंत्र



घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, पुढे कॉलेजात इंग्रजी! आपल्या अनेक मुलांना या तिन्हींतून वाट काढावी लागते. शब्द सुचला नाही की मूल गप्प बसते आणि लोक त्याला मठ्ठ समजतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. असे बोलके यंत्र शंभरदा विचारले तरी कंटाळत नाही. मात्र त्याच्याकडून निबंध लिहून घेऊ नका. तुमची शब्दसंपत्ती त्याने तिळभरही वाढणार नाही. स्वतः पाच वाक्ये लिहा आणि चुका कारणांसह विचारा.

मित्रहो, उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा कृत्य. मराठीत तोच शब्द आक्षेप या अर्थी येतो. उर्दूतील 'तकरार' म्हणजे वादावादी. मराठीतील 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. असे शब्द यंत्राला विचारा, वाक्ये मागा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने त्यालाच तुमची परीक्षा घ्यायला सांगा.

परंतु हे यंत्र कधी कधी चुकीचा अर्थही ठामपणे सांगते. म्हणून शब्दकोश आणि शिक्षक यांना सोडू नका. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आज इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो.

पालकहो, मुलांनी घरचा पत्ता वा खाजगी गोष्टी यंत्राला सांगू नयेत, याकडे लक्ष द्या. आणि रात्री जेवताना एवढेच विचारा, "बेटा, आज कोणता नवा शब्द शिकलास?" तो शब्द त्याच्या तोंडून वाक्यात ऐका. शाबासकी द्यायला विसरू नका.