घोरण्याला साक्षीदार हवा

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)



आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकाचार्यांनी सांगितले. त्यांच्या संहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूलता आणि निद्रा यांचा विचार एकत्र केलेला आढळतो. आज ज्याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात, त्या विकारात हे दोन विषय पुन्हा एकत्र येतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो आणि श्वास निदान १० सेकंद अडतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. श्वास थांबण्याचे वा मंदावण्याचे असे ३० किंवा अधिक प्रसंग तासाभरात घडत असतील, तर विकार तीव्र समजला जातो. झोपलेल्याला मात्र त्याची गंधवार्ताही नसते.

उपचाराविना राहिलेला हा विकार वयाबरोबर रूप पालटतो. पन्नाशीत मोठे घोरणे आणि दिवसा येणाऱ्या डुलक्या यांवरून तो ओळखता येतो. सत्तरीनंतर खुणा पुसट होतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते, सकाळी डोके जड होते, औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, नुकतेच बोललेले आठवत नाही. प्रत्येक तक्रारीला "आता वय झाले" हे उत्तर तयारच असते. वास्तविक, रात्रीच्या लघवीचे मूळही कित्येकदा श्वासात असते. मिटलेल्या श्वासमार्गाविरुद्ध छाती जोर लावते, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि तेथून स्रवणारे संप्रेरक मूत्रपिंडांना अधिक मूत्र तयार करावयास लावते.

अमेरिकेत सरासरी ८२ वर्षे वयाच्या २९८ स्त्रियांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षांत, झोपेत श्वास अडणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ४५ टक्के स्त्रियांमध्ये बुद्धिमांद्य वा स्मृतिभ्रंश आढळला. इतर स्त्रियांत हे प्रमाण ३१ टक्के होते. विस्कॉन्सिन येथील १८ वर्षांच्या पाहणीत तीव्र विकार असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला.

उपाय आहे. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवण्याची 'सी-पॅप' पद्धत मांडली. हे यंत्र सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे; त्याने हृदयविकाराचे झटके टळतात, असे २०१६ च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले नाही. पण दिवसाची झोप उतरते आणि मन हलके होते, हे त्याच चाचणीत दिसले. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने न घेणे, हेही उपयोगी पडते.

परंतु उपचारापूर्वी निदान हवे आणि निदानाला बहुधा साक्षीदार लागतो. आजवर तो साक्षीदार घरातच असे. पती किंवा पत्नी निवर्तली, मुले परगावी वा परदेशी गेली, की बंद सदनिकेत अडणारा श्वास ऐकणारे कोणी उरत नाही. एकत्र कुटुंबात आजोबांशेजारी झोपणारा नातू "आजोबा मध्येच थांबतात" असे सहज सांगून जाई. त्या एका वाक्याचे मोल आज कळते.

म्हणून दिवाळीला घरी येणाऱ्या मुलांनी एवढे करावे : एक रात्र आईवडिलांच्या खोलीत झोपावे, त्यांचा श्वास ऐकावा आणि तो अडत असेल तर त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. दोन तासांचे ते जागरण, हीही मातृपितृसेवाच होय.