फ्लॅश, अंधार आणि बाईचा चेहरा

(सांताक्रूझ येथे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



फोटोग्राफी हा माझा विषय नव्हे. एम.एस.डब्ल्यू. करताना केस-पेपर कसा लिहायचा ते शिकले, कॅमेरा कुणी हातात दिला नाही. पण गोळीबारच्या वस्तीत एका रात्री एक बाई आली. डावा गाल सुजून काळानिळा झालेला. मी घाईघाईने मोबाईलचा फ्लॅश लावून दोन फोटो काढले. सकाळी पाहते तो कपाळ पांढरंफटक, गालावर नुसती चकाकी, मागे मांडणीवरची भांडी लखलखताहेत, आणि माराची खूण कुठेच नाही. ती म्हणाली, "ताई, ह्यात तर मी धडधाकट दिसते." दवाखान्याचा कागद होता म्हणून निभावलं. चार दिवसांत सूज उतरली, पुन्हा फोटो काढायला काही उरलं नाही.

असं का होतं? फ्लॅश असतो भिंगाला चिकटून. उजेड समोरून सरळ आदळतो आणि सरळ परत येतो. घामेजलेली, तेलकट कातडी तो आरशासारखा परतवते. सावल्या जातात, त्यांच्याबरोबर सूजही सपाट होते. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. म्हणून जवळचं नाक भगभगीत आणि मागची खोली काळोखात.

सावळ्या कातडीची हेळसांड तर जुनीच आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो, 'शर्ली कार्ड', छापणाऱ्यांकडे पाठवायची. रंग तिच्या कातडीवरून जुळवायचे. आपल्या बायका त्यात कुठे बसणार!

मग करायचं काय? दिवस असेल तर फ्लॅश बंद. तिला दाराशी, उजेड एका बाजूने येईल अशी बसवा. रात्री ट्यूबलाईट लावा, आणि दुसरीने आपल्या मोबाईलची बॅटरी चेहऱ्यावर न मारता बाजूला धरलेल्या पांढऱ्या उशीच्या अभ्य्रावर मारावी. परतून येणारा उजेड मऊ असतो. वेगळा फ्लॅश असलेला कॅमेरा असेल तर त्याचं डोकं छताकडे वळवा. पण आपल्याकडे छत पत्र्याचं, भिंती हिरव्या नाहीतर गुलाबी ऑईलपेंटच्या! हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड चेहराही हिरवा करतो. म्हणून पांढरा चार्टपेपर जवळ ठेवा. भिंतीला टेकून उभं करू नका, दोन-तीन फूट पुढे घ्या, म्हणजे मागची काळी सावली खाली सरकते. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढी जागा कुठली, म्हणाल. तर भांडी आणि काचेच्या तसबिरी तरी चौकटीबाहेर ठेवा.

आधी पूर्ण चेहरा, मग जखम जवळून, शेजारी शिंप्याची टेप धरून. रंग दिसायला मऊ उजेड, सूज दिसायला बाजूचा. फोटो सुंदर करणारे फिल्टर कटाक्षाने बंद. मूळ फाईल पुसू नका, कापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. अशा पुराव्याबरोबरचं प्रमाणपत्र आता त्याच्या कलम ६३ खाली द्यायचं, पूर्वी ते ६५-ब खाली असे. आणि फोटो कितीही चांगला आला तरी डॉक्टरी तपासणी सोडू नका.

तिला विचारल्याशिवाय मात्र मोबाईल वर उचलायचा नाही. मार खाऊन आलेल्या बाईच्या डोळ्यांत अचानक उजेड मारला की ती दचकते, हे मी पाहिलंय. काढलेला फोटो तिला लगेच दाखवा. नको म्हणाली तर पुसा.

आता खिडक्या लावू, दोघी-दोघींच्या जोड्या करा. उशीचे अभ्रे मी आणलेत.