अपुऱ्या जागेत घडलेला राजपुत्र



खेळ हा विषय गंभीर भाषणास योग्य आहे की नाही, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. त्यातून संगणकावरचा खेळ म्हटला म्हणजे आईबापांच्या कपाळाला आठी पडते. मुलगा पुस्तक सोडून मोबाइलला चिकटून बसतो, ही तक्रार जशी पुण्या-मुंबईची, तशीच आपल्या पांढुर्णा-सौसरचीही आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या खेळात मुलगा रमतो, तो खेळ कोणीतरी मांडलेला असतो. त्याचे नियम कोणीतरी ठरविलेले असतात, त्यातील माणसाची चाल कोणीतरी रात्री जागून बसविलेली असते. खेळणारे आपल्याला रोज दिसतात. घडविणारा मात्र दिसत नाही. अशाच एका घडविणाऱ्याची कहाणी आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

1977 साली अमेरिकेत ॲपल टू नावाचा संगणक विक्रीस आला. तोवर संगणक म्हणजे मोठ्या संस्थांच्या खोल्या अडविणारे यंत्र होते. आता ते घरच्या टेबलावर येऊन बसले. या घरगुती यंत्रांचा आरंभकाळ एका अर्थाने विलक्षण होता. आज एकेका खेळामागे शेकडो माणसे राबतात. त्या वेळी एकच तरुण खेळाची कल्पना करी, चित्रे काढी आणि यंत्राला द्यावयाच्या आज्ञाही लिही. कादंबरीकार एकटा बसून कादंबरी लिहितो, तसाच तो प्रकार होता. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली जन्मलेला जॉर्डन मेक्नर हा त्या पिढीतला. त्याचे वडील मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीमुळे बालपणीच त्यांना घरदार सोडावे लागले. पुढे ते अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले.

मेक्नरने येल विद्यापीठात शिकत असतानाच खेळ लिहावयास घेतले. पहिला यत्न प्रकाशकाने परत केला. त्यानंतरचा ‘कराटेका’ हा खेळ 1984 साली ब्रॉडरबंड या प्रकाशनसंस्थेने काढला आणि तो उत्तम खपला. त्या काळच्या खेळांतील माणसे लाकडी बाहुल्यांसारखी हलत. मेक्नरच्या माणसाचे पाय मात्र खऱ्या माणसासारखे पडत होते. कराटे शिकविणाऱ्या एका गृहस्थाच्या हालचाली छोट्या कॅमेऱ्याने टिपून, त्यांतील एकेका चित्रावरून त्याने आपली आकृती गिरविली होती. खेळाचे संगीत वडिलांनी रचून दिले.

ही युक्ती नवी नव्हती. मॅक्स फ्लायशर याने तीच रीत व्यंगचित्रपटांसाठी फार पूर्वी वापरली होती. आणि मराठी श्रोत्यांना येथे दादासाहेब फाळके यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले, आणि ते उगवून त्याचे रोप होईपर्यंत एकेक चित्र घेत राहिले. हालचाल म्हणजे स्थिर क्षणांची माळ, हे ज्याला कळले, त्याला निर्जीव वस्तूत प्राण ओतता येतो. दोघांतील आणखी एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. दादासाहेबांनी आपल्या मुलाला रोहिदास केले, मुलीला ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण केले, मेक्नरने आपल्या भावाला राजपुत्र केले.

तो असा. 1985 साली पदवी मिळाल्यावर मेक्नरने नवा खेळ मनात धरला. त्याची सृष्टी होती अरबी कथांची. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली. दुष्ट वजीर, बंदिवान राजकन्या, तळघरात कोंडलेला तरुण, आणि सुटकेसाठी अवघी साठ मिनिटे. शाळेत शिकणारा धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून त्याने मोकळ्या जागेत धावावयास, उड्या मारावयास, भिंतीवर चढावयास लावले आणि ते सारे चित्रफितीवर घेतले. मग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एकेक दृश्य थांबवून त्याची छायाचित्रे काढली, शाईने आकृतीच्या कडा ठळक केल्या आणि त्या यंत्रात उतरविल्या. तलवारीच्या हातांसाठी 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातील द्वंद्व त्याने असेच बारकाईने अभ्यासिले. एका धावण्यासाठी इतका खटाटोप! पण म्हणूनच तो राजपुत्र कड्याच्या टोकाशी लोंबकळला, की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो.

आता अडचण ऐका. यंत्राची स्मरणशक्ती होती 128 किलोबाइट, म्हणजे सुमारे एक लक्ष एकतीस हजार अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रसुद्धा याच्या कित्येक पट जागा घेते. राजपुत्राच्या डौलदार हालचालींनीच ती सारी जागा व्यापून टाकली. टोमी पियर्स ही सहकारी त्याला पुनःपुन्हा सांगे, की या खेळात झुंज हवी, प्रतिस्पर्धी हवा. परंतु दुसरे पात्र ठेवावे तरी कोठे?

अखेर मेक्नरला उपाय सुचला. राजपुत्राचेच चित्र घ्यावे, ते किंचित सरकवून त्याच चित्रावर पुन्हा ठेवावे, आणि जेथे दोन्ही जुळतील तेथील ठिपके विझवावेत. उरली ती एक चमकती, भुतासारखी कडा. जागा न लागता नवे पात्र जन्मास आले: राजपुत्राची छाया. खेळात राजपुत्र आरशातून उडी घेतो तेव्हा ही छाया त्याच्यापासून सुटते. ती त्याच्यापुढील औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावते आणि अखेरीस तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार करावा, तर जखम राजपुत्रालाच होते. तलवार म्यान करून तिला सामोरे गेले, तरच दोघे एक होतात आणि वाट मोकळी होते. तांत्रिक अडचणीतून निघालेल्या युक्तीला असा गहन अर्थ यावा, हे कोणत्याही कलेत क्वचितच घडते.

संत्र्याच्या बागा राखणाऱ्या आपल्या भागातील श्रोत्यांना हे नवल वाटणार नाही. बहार धरावयाचा तर झाडाचे पाणी तोडावे लागते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी एप्रिल-मेमध्ये आपण झाडाला ताण देतो. पाने सुकतात, गळतात. मग खतपाणी दिले की फांदी फुलांनी भरते. पण ताण कोणत्या झाडाला द्यावा, हेही बागाईतदार जाणतो. ज्याची मुळे सशक्त आहेत त्यालाच ताण मानवतो. रोगट झाड त्याने वाळते. आणि वेळेवर पाणी मिळाले नाही, तर चांगले झाडही जाते.

म्हणूनच उणीव ही प्रतिभेची जननी, असे सरसकट म्हणून मोकळे होणे मला अप्रामाणिक वाटते. मेक्नरजवळ 128 किलोबाइट होते हे खरे. पण त्याच्याजवळ घरचा पाठिंबा होता, येलचे शिक्षण होते, पहिल्या खेळाचे उत्पन्न होते, आणि कच्चे काम पाहून रोखठोक बोलणारे सहकारी होते. ताण यंत्राचा होता; मुळांना ओल होती. आपल्या तालुक्यातील एखाद्या हुशार मुलीजवळ संगणकच नसेल, तर त्या उणिवेतून काही फुलत नाही. तिला नुसते धैर्याचे धडे देऊ नयेत. यंत्र द्यावे, शिकविणारा द्यावा, आणि वेळ द्यावा. 2023 साली पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या येतात, तसे शाळा-वाचनालयांतून असे चार कोपरेही यावेत.

वेळ द्यावा असे मी मुद्दाम म्हणालो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पुरा व्हावयास चार वर्षे लागली. संत्र्याच्या कलमाला फळ धरावयासही तितकीच लागतात. मध्यंतरी चित्रपटकथा लिहिण्याच्या ओढीने मेक्नरने खेळ बाजूस टाकला होता. 1989 साली तो बाहेर पडला, तेव्हा ॲपल टूचे दिवस संपत आले होते आणि प्रथम तो फारसा खपला नाही. पुढे अन्य यंत्रांवर, जपानात आणि युरोपात, तो पोहोचला आणि मग जगभर गेला. 1990 नंतरच्या दशकात आपल्याकडील संगणकवर्गांतूनही पुष्कळांनी तो पाहिला असेल.

यशानंतर अपयशही आले. 1914 सालच्या ओरिएंट एक्स्प्रेस गाडीवर बेतलेला ‘द लास्ट एक्स्प्रेस’ हा खेळ त्याने स्वतःची संस्था काढून 1997 साली पुरा केला. जाणकारांनी वाखाणला, बाजारात मात्र तो पडला. तरी 2003 साली राजपुत्राच्या नव्या अवताराच्या निर्मितीत मेक्नर पुन्हा होता, आणि 2010 साली त्यावर चित्रपटही निघाला.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ खेळाच्या हस्तलिखित-तुल्य आज्ञावल्या कोठे आहेत, हे मेक्नरलाच ठाऊक नव्हते. 2012 साली वडिलांना घरच्या कपाटात एक खोके सापडले. त्यात त्या जुन्या चकत्या होत्या. चुंबकीय लेखन वीस-पंचवीस वर्षांत पुसट होते, ते वाचणारी यंत्रेही नाहीशी होतात. जाणत्या मित्रांनी जुनी यंत्रे जमवून ते लेखन उतरवून घेतले आणि मेक्नरने ते सर्वांना अभ्यासासाठी खुले केले. त्या वर्षांतील त्याची रोजनिशीही ग्रंथरूपाने आली आहे. त्यामुळे आज कोणीही विद्यार्थी त्या कारागिराच्या खांद्यावरून डोकावून पाहू शकतो.

आपल्या मुलांच्या हातातील खेळ हिसकावून घेण्यापूर्वी एकदा त्यांना विचारावे: हा माणूस धावतो कसा? कोणी धावविला? त्या प्रश्नाने ज्याचे डोळे चमकतील, त्याला कागद, पेन्सिल आणि शक्य तर संगणक द्यावा. तो जे करील ते प्रथम ओबडधोबड असेल. ते टाकून देऊ नये. त्यावर तारीख घालून जपून ठेवावे.