हमीपत्रावरची सही

(कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



उल्हासनगरात निर्वासितांविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात वारीचे वर्णन करण्यासारखे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी बांधव आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यामुळे 'आमच्या आजोबांकडे कुणी कागद मागितला होता?' हा प्रश्न येथे हमखास येतो. मागितला होता. १९ जुलै १९४८ रोजी किंवा त्यानंतर आलेल्यास, संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाप्रमाणे, नागरिक म्हणून नोंदणी करून घ्यावी लागे आणि अर्जापूर्वी किमान सहा महिने भारतात वास्तव्य असावे लागे. वास्तव्याचा प्रश्न तेव्हाही होताच.

त्यानंतर सिंधमधून आलेली कुटुंबे पाकिस्तानी पारपत्रावर आली. त्यांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी निवासाचा पुरावा लागतो आणि भारतीय नागरिकाचे हमीपत्रही लागते. येथेच आपला संबंध येतो. दूरच्या नात्यातला माणूस दारी येतो, आपण चहा पाजतो आणि सही करून मोकळे होतो. ही सही म्हणजे लग्नपत्रिकेवरचे 'आपले विनीत' नव्हे! हा मनुष्य कोठे राहतो आणि त्याचा चरितार्थ कसा चालतो, याचे उत्तरदायित्व आपण शिरावर घेत असतो.

माझीच चूक सांगतो. एका कुटुंबासाठी मी सही केली. भाडे परवडेना म्हणून ते प्रथम अंबरनाथला आणि पुढे बदलापूरला गेले. तिन्ही गावे ठाणे पोलीस आयुक्तालयातच येतात, मग कळवायचे कशाला, असे त्यांना वाटले. आणि मीही विचारपूस केली नाही. पडताळणीला पोलीस आले ते जुन्या बॅरॅकच्या पत्त्यावर, आणि तेथे दुसरेच भाडेकरू! माझ्या घराचे वीजबिल अद्याप दिवंगत वडिलांच्या नावे होते. म्हणजे आश्रिताचा पत्ता चुकीचा आणि हमीदाराचा अपुरा. मुदतवाढ कित्येक महिने रखडली. त्या घरातली मुलगी तेव्हा महाविद्यालयात प्रवेश घेणार होती. तिच्यासमोर उभे राहताना मला संकोच वाटला.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. आईवडिलांना कायमचे नेताना त्या मुलास आपले वास्तव्य तेथेच असल्याचे दाखवावे लागते आणि सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न करविवरणासह सिद्ध करावे लागते. ते बंधन कायदेशीर असते. तेथे आपण निमूटपणे सारे कागद जोडतो. मग येथेच 'आपलाच माणूस आहे' म्हणून ढिलाई का?

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम राहिले. तेव्हा एकेका कागदाचे मोल कळले.

एक गैरसमजही दूर करतो. सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले, परंतु त्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. ती सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. पात्र असणाऱ्यांच्या अर्जासोबतही भारतीय नागरिकाचे चारित्र्याविषयीचे प्रतिज्ञापत्र लागतेच. म्हणजे पुन्हा आपलीच सही.

तेव्हा सही करण्यापूर्वी त्या घरी जाऊन या. भाडेकरार कोणाच्या नावे आहे, तो कधी संपतो, घरात कमावते किती, हे पाहा. उद्या त्यांचे काम सुटले तर चार महिने किराणा भरण्याची आपली ऐपत आहे का, हे घरातल्या मंडळींना विचारा. विशेषतः गृहिणीला, कारण हिशेब तिच्याकडे असतो. ऐपत नसेल तर तसे स्पष्ट सांगा आणि दुसरा हमीदार शोधून द्या.

पुढच्या रविवारी सकाळी आपण याच सभागृहात फायली घेऊन बसणार आहोत. ज्यांनी आजवर कोणासाठी सही केली आहे, त्यांनी त्या कुटुंबाला सोबत आणावे, आणि स्वतःचे वीजबिलही.