समोरचा माणूस खरा हवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'वाद' हा शब्द मराठीत फार बदनाम झाला आहे. वादावादी, वादंग, वितंडवाद. या कुळातला एकही शब्द आपण चांगल्या अर्थानं वापरत नाही. 'वाद नको' म्हणून आपण घरात गप्प बसतो, कचेरीत मान डोलावतो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ४ 'सर्वानुमते मंजूर' असं इतिवृत्तात लिहून मोकळे होतो. बाहेर चहा निवत असतो, हेही त्याचं एक कारण असतं म्हणा.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रानं मात्र या शब्दाला मानाची जागा दिली होती. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. जिंकण्यासाठी वाटेल ते हत्यार चालवायचं, तो जल्प. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी पाडायची, ती वितंडा. आणि खरं काय हे ठरवण्यासाठी, दोन्ही बाजूंनी प्रमाणं देऊन जो चालतो, तो वाद. आज ज्याला आपण वाद समजून घाबरतो, तो बहुतेक वेळा जल्प असतो. आपल्या शास्त्रकारांची आणखी एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं सांगायचं, मग त्याला उत्तर द्यायचं आणि त्यानंतरच आपला सिद्धांत सांगायचा.

शिस्त उत्तमच. पण तिच्यात एक फट आहे. पूर्वपक्ष लिहिणारा हात आपलाच असतो. आपण मनात उभा केलेला विरोधक, कितीही प्रामाणिकपणे उभा केला तरी, साधारणपणे तेच प्रश्न विचारतो ज्यांची उत्तरं आपल्यापाशी आहेत. मला आज या फटीविषयी बोलायचं आहे. आणि उदाहरण घ्यायचं आहे ते अशा एका माणसाचं, की स्वतःच्या विरोधातला पूर्वपक्ष लिहिण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कुणी सापडेल. तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन.

डार्विनला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली १८३८ मध्ये, आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक बाहेर आलं ते १८५९ च्या नोव्हेंबरात. मधली २० वर्षं तो स्वतःच्याच कल्पनेवर शंका काढत बसला होता, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आत्मचरित्रात त्यानं आपला एक नियम सांगितला आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली किंवा सुचली, की ती तिथल्या तिथे टिपून ठेवायची. कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या मात्र डोक्यातून चटकन निसटतात, असा त्याचा अनुभव होता. आपण सगळेच हे जाणतो. लिहून ठेवणारा मात्र विरळा. पुस्तकात त्यानं एक अख्खं प्रकरण स्वतःच्या सिद्धांतापुढच्या अडचणींना दिलं. डोळ्यासारखं गुंतागुंतीचं इंद्रिय हळूहळू कसं घडेल? मधल्या टप्प्यावरचे प्राणी आज का दिसत नाहीत? असे प्रश्न त्यानं विरोधकांच्या आधीच विचारून टाकले.

पुस्तकानंतर वादळ उठलं, हे सर्वांना ठाऊक आहे. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्सले यांची जुगलबंदी झाली, ती गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. माझ्या मते त्या सभेचं मोल फार नाही. तो जल्प होता. डार्विन त्या सभेला हजरही नव्हता. तब्येतीनं नाजूक, भिडस्त स्वभावाचा हा माणूस केंट परगण्यातल्या आपल्या घरी बसून पत्रं लिहायचा आणि परीक्षणं वाचायचा. गंमत अशी, की त्याच बिशपनं लिहिलेलं परीक्षण वाचल्यावर डार्विननं ते भिरकावून दिलं नाही. ते विलक्षण हुशारीनं लिहिलंय, पुस्तकातल्या सर्वांत कच्च्या जागा त्यात नेमक्या हेरल्या आहेत, असं त्यानं आपला मित्र हूकर याला कळवलं. सभेत टाळ्या पडल्या. काम पुढे गेलं ते या वाचनातून.

दुसरं एक उदाहरण मला याहून आवडतं. अमेरिकेतला वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा डार्विनचा मोठा समर्थक. पण सृष्टीत दिसणारे बदल ईश्वरी योजनेनं होतात, असं तो धरून चालला होता. डार्विनला ते पटत नव्हतं आणि दोघांत यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला. तरीही ग्रे याचे त्या विषयावरचे लेख इंग्लंडमध्ये पुस्तिकारूपानं छापून यावेत म्हणून डार्विननं पुढाकार घेतला आणि खर्चात वाटाही उचलला. न पटणारं म्हणणं पदरचे पैसे घालून छापायचं, ही गोष्ट आपल्या संस्थांच्या स्मरणिका काढणाऱ्यांनी जरूर मनावर घ्यावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १८६७ च्या जूनमध्ये 'नॉर्थ ब्रिटिश रिव्ह्यू' या नियतकालिकात 'ओरिजिन'वर एक लांबलचक परीक्षण आलं. त्याखाली नाव नव्हतं. लेखक होता फ्लीमिंग जेंकिन. हा जीवशास्त्रज्ञ नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. तो इंजिनिअर होता, समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकणारा. अशा माणसाला रोज हिशेब करावा लागतो, की या टोकाला सोडलेला विजेचा संकेत त्या टोकाला पोचेपर्यंत किती क्षीण होईल. त्यानं तसाच हिशेब डार्विनच्या सिद्धांताला लावला.

त्याचं म्हणणं सोप्या शब्दांत सांगतो. त्या काळी सगळे असं मानत, की आईबापांचे गुण मुलांत मिसळून जातात, दोन रंग एकत्र ढवळावेत तसे. समजा, एखाद्या कळपात एकच जनावर काही नवा, उपयोगी गुण घेऊन जन्मलं. त्याची जोडी जमणार साध्याच जनावराशी. पिल्लांत तो गुण निम्मा उतरेल. त्यांच्या पिल्लांत पाव, पुढे आठवा हिस्सा. हंडाभर दुधात केशराची एक काडी टाकली तर रंग कितीसा येणार? निसर्गानं निवड करायची म्हटली तरी, ती हात घालेपर्यंत तो गुण उरलेलाच नसेल. मग नवी जात घडणार कशी?

डार्विनच्या अडचणींच्या प्रकरणात हा आक्षेप अशा हिशेबानिशी नव्हता. मिसळण्याचा विचार त्यानं केला नव्हता असं नाही, पण एकट्यादुकट्या बदलाची शक्यता इतकी तोकडी असते, हे त्यानं धरलं नव्हतं. २० वर्षं स्वतःशी भांडलेल्या माणसाच्याही नजरेतून ते सुटलं होतं; आणि ज्यानं कधी कबुतरं पाळून त्यांची पैदास अभ्यासली नव्हती अशा एका तारवाल्यानं त्यावर बोट ठेवलं. १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विननं सरळ लिहिलं, की हे परीक्षण वाचेपर्यंत हा मुद्दा आपल्याला पुरेसा उमगला नव्हता. इतर कुठल्याही परीक्षणापेक्षा जेंकिनच्या लेखानं आपल्याला त्रास पुष्कळ दिला, पण उपयोगही सर्वांत जास्त झाला, असंही त्यानं हूकरला लिहिलं. युक्तिवादाचा भर त्यानं हलवला. एखाददुसऱ्या अपवादात्मक प्राण्यावर विसंबायचं सोडून, प्रत्येक पिढीत पुष्कळांमध्ये आढळणारे बारीकसारीक फरक हाच बदलाचा खरा कच्चा माल, हे त्यानं अधिक ठामपणे मांडलं. सिद्धांत त्यामुळे बळकट झाला.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे विरोधकाचं ऐकलं की कल्याणच. तसंही नाही. जेंकिनच्याच लेखात आणखी एक आक्षेप होता, लॉर्ड केल्विनच्या गणितावर आधारलेला. तप्त गोळा थंड होण्याच्या वेगावरून केल्विननं पृथ्वीचं वय साधारण १० कोटी वर्षं काढलं होतं. उत्क्रांतीला एवढा काळ अपुरा, हे डार्विनला दिसत होतं. त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. विसाव्या शतकात किरणोत्साराच्या साहाय्यानं खडकांचं वय मोजता येऊ लागलं आणि पुढे पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं ठरलं. केल्विनची आकडेमोड चुकलेली नव्हती, तिच्यामागची गृहीतकं चुकली होती. पण १८६९ मध्ये हे कुणाला माहीत असणार? तेव्हा डार्विननं आक्षेप गंभीर आहे एवढं मान्य केलं आणि सिद्धांत सोडला नाही. ज्या आक्षेपाला आज उत्तर नाही, तो तसाच उघडा ठेवून जगणं, हे मला हार पत्करण्याहून आणि वाद जिंकण्याहूनही अवघड वाटतं. याउलट इतर काही ठिकाणी तो गरजेपेक्षा जास्त वाकला. अवयव वापरल्यानं किंवा न वापरल्यानं होणारे बदल पुढच्या पिढीत उतरतात, या जुन्या कल्पनेवर तो उत्तरोत्तर जास्त भार टाकत गेला. ती कल्पना टिकली नाही. आज 'ओरिजिन' वाचायचं तर सुधारून वाढवलेल्या सहाव्या आवृत्तीऐवजी पहिलीच वाचा, असं पुष्कळ जाणकार सांगतात ते यामुळेच.

आणि प्रत्येक विरोधकाशी वाद चालतोच असंही नाही. सेंट जॉर्ज मायव्हार्ट यानं १८७१ मध्ये एक अवघड प्रश्न टाकला: पूर्ण पंखाचा उपयोग कळतो, पण नुकत्या फुटू लागलेल्या पंखाचा काय? डार्विननं १८७२ च्या आवृत्तीत त्यासाठी नवं प्रकरण लिहिलं. पुढे मायव्हार्टनं डार्विनच्या मुलावर नीतीचा ठपका ठेवला, तेव्हा मात्र त्यानं त्या माणसाशी संबंधच तोडले. मला यात डार्विनचं काही उणं दिसत नाही.

आपल्यापुरतं बोलायचं तर, घर विकायचंय, मुलाला अमुक शाखेला घालायचंय, इमारत पुनर्विकासाला द्यायचीय, अशा वेळी आपण विचारतो कुणाला? जो 'हो' म्हणेल त्याला. आणि वर सांगतो की दोन्ही बाजूंचा विचार केला. पुनर्विकासाच्या कागदावर सही न करणारा एक सदस्य प्रत्येक इमारतीत असतो. कधी तो नुसताच आडमुठा असतो, हे खरं. पण कधी तो हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला असतो आणि करारनाम्यातली सगळी पानं वाचलेला तो एकटाच असतो. त्याच्या घरी जाऊन तासभर बसायला कमीपणा कसला?

जेंकिनकडे परत येतो, कारण त्या वादातली सर्वांत विलक्षण गोष्ट सांगायची राहिली आहे. गुण रंगासारखे मिसळतात, हे गृहीतच चूक होतं. ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं होतं आणि त्याचा निबंध १८६६ मध्ये, जेंकिनच्या परीक्षणाच्या आदल्याच वर्षी, छापून झाला होता. गुण मिसळून नाहीसे होत नाहीत, ते सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा वर येतात. हे कळलं असतं तर केशराच्या काडीचा आक्षेप जागच्या जागी विरला असता. पण जेंकिन आणि डार्विन दोघंही मिसळणं धरूनच भांडत होते. जिथं दोघांचं एकमत, तिथं वादाचा उजेड पोचतच नाही. मेंडेलच्या निबंधाचं महत्त्व लोकांच्या ध्यानात यायला १९०० साल उजाडलं.

डार्विनपासून ते उत्तर किती लांब होतं? त्यानं स्नॅपड्रॅगनच्या, म्हणजे बागवाले ज्याला डॉगफ्लॉवर म्हणतात त्या झाडाच्या, दोन प्रकारांचा संकर केला होता. एक नेहमीचा, ओठांसारख्या पाकळ्यांचा. दुसरा नळीसारख्या सारख्या फुलाचा. पहिल्या पिढीत सगळी झाडं नेहमीच्या प्रकाराची निघाली. त्यांचं बी पेरल्यावर १२७ रोपं आली. त्यांतली ८८ नेहमीची, ३७ नळीच्या फुलांची आणि फक्त २ मधल्या रूपाची. दुसऱ्या प्रकारच्या एका रोपामागे पहिल्या प्रकारची दोनाहून थोडी जास्त. मेंडेलच्या 'एकास तीन' प्रमाणाच्या आसपासच. डार्विननं हे आकडे १८६८ मध्ये आपल्या पुढच्या पुस्तकात स्वतःच छापले. पुस्तक दोन खंडांचं होतं, त्याची परीक्षणं आली, त्यातल्या इतर कल्पनांवर लोक तुटून पडले. या १२७ रोपांबद्दल मात्र त्याला कुणी काही विचारलं नाही.